घळीत अडकलेल्या विहिणी

घळ बघायला जायचं ठरलं तेव्हाच टेलरमावशींच्या मनात पाल चुकचुकली. लेकीला गाडी लागते. जावयाला सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठवायचं तर शेजारपाजार गोळा करावा लागतो. अशा दोघांनी आपण होऊन भल्या सकाळी निघायचं, तेही दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून, आणि कशासाठी तर नदीची घळ बघायला. यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

मावशींचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला टांगलेल्या दोन कात्र्या आणि कोपऱ्यात एक पडदा, ज्याच्या मागे जाऊन गिऱ्हाइकाने कपडा घालून बघायचा. नवरा लवकर गेला. त्यानंतर याच मशीनवर त्यांनी लेकीला वाढवलं, शिकवलं आणि उजवलं. सगळी गल्ली त्यांना टेलरमावशी म्हणे. जावईसुद्धा मावशीच म्हणायचा, कारण लग्नाआधी तो पँट आखूड करून घ्यायला यायचा. एका माणसाकडे आखूड करण्याजोग्या पँटी असून असून किती असणार, हे मावशींच्या जरा उशिराच लक्षात आलं.

पाल चुकचुकायला कारण होतं. महिन्याभरापूर्वी लेक जाड लोकरीचं कापड घेऊन दुकानात आली. मैत्रिणीला कोट शिवून हवाय म्हणाली, दुहेरी अस्तराचा. त्यांच्या गावात थंडी म्हणजे फार तर सकाळी खिडकी लावून घ्यायची, एवढीच. तरी मावशींनी काही विचारलं नाही. लेकीने तोंडी मापं सांगितली आणि सांगता सांगता बोलून गेली की डावा खांदा जरा उतरता ठेव. मग तिने जीभ चावली आणि उगाच दोऱ्याची रिळं उचलून बघत बसली. तो उतरता खांदा मावशी लेकीच्या पहिल्या झबल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी कोट शिवला. शिवताना दोनदा सुई बोटात गेली, जी एरवी वर्षानुवर्षं जात नसे.

म्हणजे पोरगी कुठेतरी थंडीच्या मुलखात चालली होती. लांब. आणि सांगत नव्हती. मावशी रोज वाट बघायच्या, आज सांगेल, उद्या सांगेल. लेक रोज संध्याकाळी फोन करायची, जेवलीस का विचारायची आणि ठेवून द्यायची. याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. विहीणबाईंना नक्की ठाऊक असणार. जावई हल्ली दर रविवारी दिवसभर आईकडे असायचा. एवढा वेळ काय हवापाण्याच्या गप्पा चालतात? म्हणजे तिकडे सगळं बोलणं झालेलं, आणि आपण मात्र परक्या. जिन्याखालची शिंपीण, तिला काय, निघायच्या दिवशी सांगितलं तरी चालेल.

विहीणबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. आता निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. त्या खोलीत आल्या की माणसं आपोआप सरळ बसत. बोलताना त्या समोरच्याला पेशंटच्या खात्यात धरून बोलत, म्हणजे ‘आता आपण पाणी पिऊन घेऊ’ असं म्हटलं की पाणी तुम्ही प्यायचं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी दोघी विहिणी एकमेकींशी अगदी जपून वागत. वैर नव्हतं. पण सूतही जुळलं नव्हतं. व्याही आपले गरीब. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम केलेलं. घरातलं बोलायचं खातं त्यांनी केव्हाच बायकोकडे सोपवून टाकलं होतं.

गाडीत व्याही पुढे बसले, जावई चालवत होता, आणि मागे दोन आयांच्या मध्ये लेक. तिच्या मांडीवर एक पुठ्ठ्याचा खोका होता आणि तो ती तान्हं बाळ धरावं तसा धरून बसली होती. केक आहे, स्वतः केलाय, घळीत गेल्यावर कापायचा, एवढंच तिने सांगितलं. कुणाचा वाढदिवस आहे, असं मेट्रनबाईंनी विचारलं. कुणाचा नाही, सहज, असं जावई पुढून म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

लेकीची एक पद्धत होती. आपल्या आईला ‘अगं आई’ आणि सासूबाईंना ‘अहो आई’. त्यामुळे घोटाळा होत नसे. पण घाट सुरू झाला, तिसऱ्या वळणावर तिचा चेहरा पांढरा पडला, आणि अगं-अहो न लावता ती नुसतंच ‘आई’ म्हणाली. एका बाजूने लिंबू पुढे आलं, दुसऱ्या बाजूने प्लॅस्टिकची पिशवी. दोघी एकमेकींकडे बघून जरा वरमल्या. लेकीला दोन्ही लागलं.

घळ मात्र बघण्यासारखी होती. वरच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली नदी हिरव्या फितीसारखी दिसे, आणि दोन्ही अंगांनी काळे कडे सरळसोट उभे, जणू कुणी डोंगर मधोमध टरकावून ठेवला होता. खाली उतरायला दगडी पायऱ्या होत्या. व्याह्यांनी त्या पायऱ्यांकडे एकदा आणि आपल्या गुडघ्यांकडे एकदा बघितलं आणि वरच्या चहाच्या टपरीत खुर्ची धरली. बाकीचे चौघे उतरले.

खाली लाकडी धक्क्याला एक होडी होती, मागे छोटं इंजिन लावलेली. दुसरी होडी काठावर उलटी टाकून तिला रंग देणं चाललं होतं. नावाडी वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. घळ आत जिथे संपते तिथे धबधब्याशी गोट्यांचा काठ आहे, तिथे सोडतो, म्हणाला. पण एका खेपेला दोनच माणसं. त्याने चौघांना नजरेने तोललं, दोन्ही विहिणींना मधल्या फळीवर बसवलं आणि होडीचा तोल राहावा म्हणून डब्यांची पिशवी आणि केकचा खोका पुढच्या टोकाला ठेवून दिला. लेक काहीतरी म्हणायला गेली. तोवर इंजिन सुरू झालं.

दोन वळणं गेली आणि कडे जवळ आले. आवाज सगळे मागे राहिले. वर आभाळ एवढंसं उरलं, कात्रण उरावं तसं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळचे दगड मोजता आले असते, पण ते दगड किती खोल आहेत हे कळत नव्हतं. मावशींना ते सगळं फार आवडलं. आपण हे आयुष्यात बघितलंच नसतं, असं त्यांच्या मनात येतंय न येतंय तोच त्यांचं मनगट कुणीतरी करकचून धरलं. मेट्रनबाई समोर बघत होत्या. चेहरा नेहमीसारखाच ताठ, पण ओठ मिटलेले आणि बोटं गार पडलेली. मावशींनी हात सोडवून घेतला नाही.

नावाड्याने त्यांना गोट्यांवर उतरवलं, सामान दिलं, आत्ता त्या दोघांना घेऊन येतो म्हणाला आणि वळणाआड गेला. थोड्या वेळाने लांबवर इंजिनाची खोकल्यासारखी धाप ऐकू आली. मग तीही थांबली.

पाव तास गेला, अर्धा तास गेला. कुणी आलं नाही. मेट्रनबाईंनी फोन उंच धरून काठभर फेऱ्या मारल्या, पण त्या कड्यांच्या मध्ये फोनला कुठली हाक पोचायला. शेवटी त्या एका मोठ्या दगडावर बसल्या. मावशी दुसऱ्या दगडावर. मधे पिशवी आणि खोका. धबधब्याचे तुषार अंगावर येत होते आणि सावलीत चांगलाच गारवा होता. मावशींनी खांद्यावरची शाल काढून पुढे केली. मला नको, तुम्हीच पांघरा, असं मेट्रनबाई म्हणाल्या.

मग मेट्रनबाईंनी एकदम विचारलं, “कधी निघायचं ठरलंय त्यांचं?”

मावशींना वाटलं, आपल्याला चिडवतायत. “ते तुम्हालाच ठाऊक,” त्या म्हणाल्या. “मला कोण सांगतंय.”

“मला?” मेट्रनबाईंनी मान वळवली. “मला कुणी एक अक्षर सांगितलेलं नाही. लेकी आईला सगळं सांगतात. म्हटलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.”

“आणि मी समजत होते, दर रविवारी तुमच्याकडे खलबतं चालतात.”

“खलबतं कसली,” मेट्रनबाई म्हणाल्या. “नळ दुरुस्त करतो. पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातला नळ. दुसऱ्या रविवारी न्हाणीघरातला. मग दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, सगळे दिवे बदलले, जे अजून चालू होते तेसुद्धा. मला फोनवरून विजेचं बिल भरायला शिकवलं, एकदा नाही, चारदा. ज्या पोराने जन्मात स्वतःची चादर घडी केली नाही, तो असा वागायला लागला की समजायचं, पाखरू उडायला निघालं. मी इतकी वर्षं वॉर्डात घालवली. घरच्या माणसाला घरी न्यायच्या आदल्या दिवशी नातेवाईक असेच अंथरूण नीट करत बसतात.”

मग मावशींनी कोटाची गोष्ट सांगितली. मैत्रीण, दुहेरी अस्तर आणि तिचा उतरता डावा खांदा. मेट्रनबाई ऐकत राहिल्या. खांद्यापाशी आल्यावर त्यांच्या नाकातून एक बारीकसा आवाज आला. मावशींना आधी कळेना की त्या रडतायत की काय. त्या हसत होत्या. मेट्रनबाईंना हसताना मावशींनी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनाही आवरेना. दोघी महिनाभर एकमेकींवर धुमसत होत्या, एकीला वाटे दुसरीला सगळं कळलंय, दुसरीला वाटे हिलाच सगळं कळलंय, आणि कळलं कुणालाच नव्हतं. हसणं कड्यांवर आपटून परत येई आणि त्या पुन्हा हसत.

हसू ओसरल्यावर मात्र जरा अवघड झालं. मेट्रनबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुसतच राहिल्या.

“मी जन्मभर लोकांच्या पोरांच्या उशाशी बसले,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोराला ताप आला की त्याच्या उशाशी हे बसायचे. माझी रात्रपाळी असायची. म्हटलं होतं, निवृत्त झाले की सगळं भरून काढीन. आता मी मोकळी झाले, तर हा निघाला.”

धीराचे शब्द मावशींना कधी जमले नव्हते. त्यांच्याकडे कुणी रडत आलं की त्या चहा ठेवत. इथे चहाही नव्हता. त्यांनी आपली शाल उलगडली आणि निम्मी विहिणीच्या खांद्यावर टाकली, या वेळी न विचारता. मग म्हणाल्या की आपल्याला खरी भीती संध्याकाळच्या फोनची वाटते. दुकान बंद करून घरी पोचलं की पाच मिनिटांत लेकीचा फोन येतो. तिकडे गेल्यावर तिची संध्याकाळ आपल्या झोपेत होणार.

“तेव्हा मला करा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “माझी झोप तशीही गेलेलीच आहे.”

यानंतर त्यांना भूक लागली. पिशवीत पाव होते, उकडलेली अंडी होती, सफरचंदं होती. ते थोडं थोडं करत बरंच संपलं. मग मेट्रनबाईंची नजर खोक्यावर गेली. हा केक आपल्यालाच भुलवायला केलेला आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. वाईट बातमीच्या गोळीवर साखरेचं पुट असतं तसा. आता बातमी तर पोटात गेली, मग साखर कशाला वाया घालवायची? मावशींनी थोडे आढेवेढे घेतले. सुरी नव्हती. मावशींच्या पर्समध्ये छोटी कात्री होती, तिने दोरी कापली, आणि केक हातानेच तोडला. लेकीच्या हाताला चव होती, हे त्यांनी विहिणीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

होडी आली तेव्हा इंजिन बंदच होतं. पंख्यात दोर अडकून ते बसलं होतं, आणि नावाडी एका वल्ह्याने आणि जावई दुसऱ्या वल्ह्याने प्रवाहाविरुद्ध झुंजत येत होते. जावयाने जन्मात वल्हं धरलं नव्हतं. त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती. लेक टोकाला उभी राहू बघत होती, नावाडी तिला खाली बसवत होता, आणि तिचे डोळे रडून सुजले होते. आया घाबरून अर्धमेल्या झाल्या असतील, अशा धास्तीने ती आली होती. वळण घेतल्यावर तिला दिसलं ते असं, की दोघी एकाच शालीत, पाय पाण्यात सोडून बसल्या आहेत, आणि मधल्या खोक्यात चुरा उरला आहे.

जावई गुडघाभर पाण्यात उतरून काठावर आला. त्याने श्वास घेतला, बायकोकडे बघितलं आणि आरशासमोर घोकलेलं भाषण सुरू केलं. आई, मावशी, तुम्हा दोघींना आज इथे आणण्यामागे आमचा एक हेतू होता.

“किती वर्षांसाठी?” मेट्रनबाईंनी विचारलं.

त्याचं भाषण तिथेच घसरलं. “तीन,” तो म्हणाला. मग रागाने नव्हे, केविलवाणेपणाने म्हणाला, “बाबांनी सांगितलं ना तुम्हाला?”

दोघी विहिणींनी एकमेकींकडे बघितलं.

“म्हणजे यांना माहीत होतं,” मेट्रनबाई सावकाश म्हणाल्या.

जावयाने मान खाली घातली. बाबांना सुरुवातीपासून माहीत होतं. नोकरीचं बोलावणं आलं त्याच दिवशी त्याने त्यांना विचारलं होतं, आईला कसं सांगू? त्यांनी सल्ला दिला होता, की चांगली जागा बघून सांग, जिथून ती लगेच उठून जाऊ शकणार नाही.

लेक मात्र तिथेच उभी राहून रडायला लागली होती. तिने महिनाभर आईच्या रडण्याची तयारी केली होती. आई रडली की काय बोलायचं, तिला कसं समजवायचं, दर वर्षी कसं यायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. आणि आई तर बोटाला लागलेला केक चाटत बसली होती. मावशी उठल्या, ओल्या पायांनी गोट्यांवरून तिच्यापाशी गेल्या आणि तिचा डावा खांदा हाताने चाचपला, जसा त्या गिऱ्हाइकाचा चाचपत.

“मैत्रिणीला म्हणावं, कोट घालून बघ एकदा. बाही ढिली वाटली तर आत्ताच सांग. तिकडे टेलरमावशी नाही मिळायची.”

“आई, सॉरी,” लेक म्हणाली. “तुझ्यासमोर तोंडच उघडायचं नाही माझं. तुझ्याकडे बघितलं की वाटायचं, आता नको, उद्या.”

“असू दे. मीही विचारलं नाही ना,” मावशी म्हणाल्या आणि मग तिला जवळ घेऊन थोडं रडल्या. त्याने लेकीला बरं वाटलं.

वर टपरीत व्याही खुर्चीत डुलक्या काढत होते. समोर तीन रिकामे कप. बायको समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि तिचा चेहरा बघून काय झालं असेल ते ओळखलं. सगळं आयुष्य छापखान्यात काढलेलं, ते म्हणाले, छापून हातात येईपर्यंत आतला मजकूर बाहेर बोलायचा नाही, ही सवयच लागली. यावर मेट्रनबाईंनी काय उत्तर दिलं ते टपरीवाल्यानेही ऐकलं, आणि त्याने चौथ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर लेकीला पुढे बसवलं, कारण पुढे गाडी लागत नाही. मागे, दोघी विहिणींच्या मध्ये, व्याह्यांना बसवलं. शिक्षा म्हणून. घाट उतरेपर्यंत ते दोन्ही बाजूंनी दबून बसले होते आणि त्यांच्या पोटावरून दोघींचं बोलणं चाललं होतं. मेट्रनबाईंनी कबूल करून टाकलं की होडीत आपला जीव गेला होता. एवढ्या वयात पाण्याला भ्यायचं म्हणजे लाजिरवाणं. शहरातल्या तरणतलावावर बायकांना शिकवतात, सकाळच्या वेळी, त्यांनी चौकशी करून ठेवली होती पण एकटीने जायचा धीर होत नव्हता. मावशी म्हणाल्या की पोहता मलाही येत नाही, पण बुधवारी दुकान उशिरा उघडलं तर चालतं. पोहायचे कपडे मात्र बाजारातले घेऊ नका. ते खांद्यावर काचतात. मी शिवते. मेट्रनबाईंनी लगेच, मधे बसलेल्या नवऱ्याला पुढे वाकायला लावून, मागून हात पसरून खांद्याचं माप सांगायला सुरुवात केली.

व्याह्यांनी बऱ्याच वेळाने घसा साफ केला. बुधवारी मी रिकामाच असतो, ते म्हणाले, मीही येऊ का?

“बायकांची वेळ आहे,” दोघी एकदमच म्हणाल्या.